दोरीला बांधलेली पेन्सिल

ओल्या रेनकोटांचा आणि जुन्या लाकडाचा तो संमिश्र वास अजून माझ्या स्मरणात आहे. इंग्लंडच्या बर्कशायर काउंटीत, रेडिंगमधल्या एका चर्चच्या सभागृहात, फळीच्या आडोशाला दोरीने बांधलेल्या बोथट पेन्सिलीने मी आयुष्यातलं पहिलं मत दिलं. नागपूरला यादीत माझं नाव कधी सापडलंच नव्हतं, आणि इथे मात्र राष्ट्रकुलातल्या देशाची नागरिक म्हणून, नुसत्या व्हिसावर, मला तो अधिकार मिळाला होता. मी हरखून गेले. ग्रंथालयात बसून त्या मतदारसंघाचा इतिहास वाचत राहिले: एकेकाळी हे शहर दोन खासदार पाठवत असे, मग एक, पुढे उत्तर-दक्षिण वाटणी झाली, नंतर पूर्व-पश्चिम. घरं जागच्या जागी होती, रेषाच तेवढ्या सरकत होत्या. नवरा, समीर, चिडवायचा, "तुलाच उभं करू या का?" तो स्वतः एकदाही मत द्यायला गेला नाही.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही ओहायोतल्या डब्लिनला आलो. ग्रीन कार्ड मिळालं त्या महिन्यात मी गाडीचं लायसन्स नवं करायला गेले, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी निर्विकार स्वरात विचारलं, मतदार म्हणून नाव नोंदवायचं का? मी उत्साहाने हो म्हटलं आणि खालचा मजकूर न वाचता सही ठोकली. पुढे टपालाने कार्ड आलं, ते मी मोठ्या अभिमानाने फ्रिजवर लावलं.

त्याच वर्षीची, ऑक्टोबरातली मेपलच्या तांबूस उजेडाची दुपार होती. गेली चाळीस वर्षं इथे राहणाऱ्या, निवृत्त डॉक्टर विद्याकाकू चहाला आल्या होत्या. कार्ड पाहून त्यांचा कप हातातच राहिला.

"अगं, तू सिटिझन कधी झालीस?"

"नाही काकू, ग्रीन कार्डच आहे."

"मग हे काय करून बसलीस! ग्रीन कार्डवर इथे व्होट नाही करता येत. रजिस्टर करणंसुद्धा गुन्हा आहे गं. व्होट केलंस?"

"अजून नाही."

आल्याचा वास घरभर दरवळत होता. मी उठून फ्रिजवरचं कार्ड काढलं.

दुसऱ्याच दिवशी नाव काढून घेतलं, पण काढलेल्या नावाचीही नोंद राहतेच. गेल्या वसंतात समीर नागरिक झाला, त्याच्यामागोमाग आमची लेक ईराही झाली. माझा अर्ज मात्र परवापर्यंत टेबलावरच पडून होता, एका प्रश्नापाशी अडलेला: तुम्ही कधी मतदार म्हणून नाव नोंदवलं होतं का? समीर म्हणतो, "नो टिक कर ना यार, कोण चेक करतंय!" वकीलबाई म्हणाल्या, लपवलंत तर दुसरा गुन्हा, सांगितलंत तर निर्णय इमिग्रेशनवाल्यांचा, आणि तो देश सोडायला लावणाराही असू शकतो. मी भ्यायले आहे. टपालाची गाडी दिसली की मी खिडकीपासून मागे सरते, आणि ज्याने मताची कधी फिकीर केली नाही तो माझ्याच घरात निर्धास्त घोरतो, याचा रागही येतो.

परवा फ्रिजवर पुन्हा तसंच कार्ड दिसलं. मी जवळ गेले. मग नाव वाचलं: ईराचं होतं. उन्हाळ्यात तिला अठरा पूर्ण झाली.

"आई, विल यू कम विथ मी? आय डोन्ट नो हाऊ इट वर्क्स."

या घरात ते फक्त मलाच ठाऊक होतं. दारापर्यंत येईन, म्हटलं.

काल सकाळी तिला शाळेच्या सभागृहापाशी सोडलं. भिजलेल्या पानांचा वास होता. दार उघडलं की आतून ओल्या रेनकोटांचा, तोच, वास येई. "सावकाश कर. सगळं वाच, मगच सही," मी म्हणाले. "मॉम, इट्स जस्ट व्होटिंग," ती हसत आत गेली.

मी गाडीत परतले. टेबलावरून बरोबर आणलेला अर्ज मांडीवर घेतला, तो प्रश्न पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचला आणि 'होय'पुढच्या चौकटीत खूण केली. पेन शाईचं होतं.