शिट्टीतला जवळा

बास्केटबॉलचा राज्य पंच व्हायला तीन गोष्टी लागतात: डोळे, पाय आणि शिट्टी. माझे डोळे आणि पाय पन्नाशीला टेकले होते. सगळी भिस्त शिट्टीवर!

बारा वर्षं मी जिल्हा पंच. (शिव्या राज्य पंचाइतक्याच, फक्त चहा गार!) शेवटी निरोप आला: रविवारी शांती नगरच्या मैदानावर फायनल, परीक्षक परुळेकर सर तुमचं काम बघणार. पास झालो तर राज्य पॅनल. नाहीतर ही शेवटची संधी संपली.

शनिवारी स्वयंपाकघरात उजळणी चालली होती. माझी बायको सुनीता उत्तनच्या कोळणीकडून आणलेला सुका जवळा परातीत निवडत होती आणि मांडीवर नियमांचं पुस्तक ठेवून मला प्रश्न विचारत होती.

"बॉल हातात असताना खेळाडू घसरून पडला, तर?"

"ट्रॅव्हलिंग!"

"चूक. पडला तर चालतं. बॉल घेऊन उठायला गेला तर ट्रॅव्हलिंग."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"बारा वर्षं मीच विचारतेय. उत्तरं तुमची नाही, माझी पाठ झाली!"

मी रागाने गळ्यातली शिट्टी काढून आपटली. थेट परातीत! उचलली आणि तशीच खिशात घातली.

"अहो, झटका तरी ती."

"राज्य पंचाला शिकवू नकोस!"

रविवारी पहिल्याच मिनिटाला निळ्या शर्टवाला बॉल घेऊन भाजी आणायला निघाल्यासारखा चार पावलं चालला. मी गाल फुगवून शिट्टी फुंकली.

फुस्स!

पुन्हा फुंकली. पुन्हा फुस्स. नाकात मात्र जवळ्याचा दरवळ! इतक्यात पायऱ्यांवरून कानठळ्या बसवणारा आवाज आला: फुर्रर्र! सुनीता! माझी जुनी शिट्टी तिच्या पर्समध्येच असते. पाण्याचा टँकर आला की चौथ्या मजल्यावरून ती अख्खी बिल्डिंग खाली उतरवते.

मी झटकन हात वर केला, मुठी फिरवून ट्रॅव्हलिंगची खूण केली. परुळेकर सरांनी मान डोलावली.

मग काय! ती फुंकतेय, मी हात वर करतोय. दुसऱ्या टोकाचे पंचही थक्क. "आज फॉर्मात आहात हां!" त्यांच्याकडे जादा शिट्टी होती, मागता आली असती. पण मार्क पडत असताना कोण मागतो?

"क्या सीटी मारती हो भाभी!" सुनीताशेजारी बसलेले आमच्या बिल्डिंगमधले कमलेशभाई ओरडले. मी त्यांच्यावर डोळे वटारले. सरांनी लिहून घेतलं, 'नजर करडी'.

शेवटचं मिनिट. गुण बरोबरीत. बास्केटखाली गर्दी झाली आणि फुर्रर्र! मला काहीच दिसलं नव्हतं. ठोकून दिली ट्रॅव्हलिंगची खूण.

"अहो!" पायऱ्यांवरून आवाज आला. "ट्रॅव्हलिंग कुठलं? पाच नंबरने ढकललंय त्याला!"

पंचाचा निर्णय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली होती! माझे हात आपोआप पुढे गेले आणि ढकलल्याची खूण करून बसले.

मग पाच नंबरचा खेळाडूच पुटपुटला, "काकी बरोबर बोलतायत, सर. मीच ढकललं."

मॅच संपल्यावर परुळेकर सरांनी माझी शिट्टी मागून घेतली आणि तळहातावर ठोकली. आतून जवळा पडला. डोळ्यांसकट!

"नियम पक्के, नजर तीक्ष्ण, प्रेक्षकांची भीती नाही," सर गंभीरपणे म्हणाले. "असा पंच राज्याला हवाच."

मी छाती फुगवली.

"वहिनींना परीक्षेचा फॉर्म भरायला सांगा."

जिल्ह्याची परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली. आता राज्याची तयारी चालू आहे. रोज संध्याकाळी मी जवळा निवडत तिला प्रश्न विचारतो. तिचं उत्तर चुकलं असं मला वाटलं, की ती शिट्टी वाजवते आणि मी प्रश्न बदलतो.