लावणीची रजा

माझ्या नवऱ्याचा उजवा हात खोपोलीकडच्या कागद कारखान्यात मशीनच्या रुळांमध्ये सापडला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांची भाताच्या लावणीची रजा मंजूर होती. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

पळसदरीच्या बाजूचे, कारखान्यात जाणारे सगळेच पुरुष लावणीला रजा टाकायचे. त्यामुळे अपघाताची नोंद करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. खात्यातले म्हणाले, "रजा हायच की रं, लावनी होईस्तोवर भरून येईल." आणि आमचे शहाणे हाताला फडकं गुंडाळून गाडीत बसले आणि घरी आले.

जखम भरली, पण बोटं मिटेनात. रजा संपल्यावर मशीन धरता येईना, तेव्हा कारखान्याने घरी बसवलं. वर्ष उलटून गेलं. घरातली म्हैस विकावी लागली आणि पोरं कोरा चहा प्यायला लागली. मग कुणीतरी सांगितलं, अशा हाताला सरकारी भत्ता मिळतो. अर्ज केला. खात्यातल्या दोघांनी मशीनमध्येच हात सापडल्याचं लिहून दिलं, डॉक्टरांनी हात तपासला आणि पुढचा भत्ता मंजूर झाला. अडला तो मागचा, अपघातापासूनचा. अर्ज उशिरा का केलात, आणि हात तेव्हापासूनच निकामी होता कशावरून, असं सरकारी कचेरीचं म्हणणं. ते मागचे पैसे आले तर दुभती म्हैस येणार होती. मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

चौकशीला एक साहेब गावात आले. माणूस भला होता, खोटं कशाला बोलू? त्यांनी शेजारच्या म्हातारीला विचारलं, "आजी, हात सापडला त्या पावसात हा काय करत होता?"

म्हातारी फुलून म्हणाली, "काय करनार? लावनी! हाताला फडकं बांधून आमच्या शेतात आला, पन सावड बुडवली नाय बगा यानं."

साहेबांनी लिहून घेतलं. मी कपाळावर हात मारला.

सावड म्हणजे आज त्यांनी आमच्या शेतात वाकायचं, उद्या आम्ही त्यांच्या. त्या वर्षी म्हातारीच्या घरचे आमच्याकडे आधीच राबून गेले होते, म्हणून यांना राहवलं नाही. खरं तर लावणी मी केली, दोघांच्या वाटची. हे बांधावरून डाव्या हाताने रोपांच्या जुड्या फेकत होते. पण गावाने यांनी सावड फेडली असंच धरलं होतं.

जाताना साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्याच्याकडून काम झालं नाही, एवढं आजीकडून लिहून आणा. मागचं सगळं मिळेल."

घरी हे ऐकून नवऱ्याने ताट सरकवलं. "मंजे मी सावड बुडवली म्हनून सांगायचं?"

"मग काय हात धड होता म्हनून सांगायचं?" मी ओरडले.

दोन्हीकडून आम्हीच अडकलो होतो. सावड फेडली म्हणावं तर हात चालत होता असं ठरतं, आणि हात चालत नव्हता म्हणावं तर सावड राहते. यांनी त्या कागदाला शिवायचंही नाकारलं. मला त्यांचा इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

मग मीच म्हातारीकडे गेले. ती सुपात तांदूळ निवडत होती. अंगठा द्यायला लगेच तयार झाली. "बोल, काय म्हनायचं?"

"म्हनायचं, त्यांच्याकडून काम झालं नाय."

तिचा हात थांबला. "आनि सावड?"

"ती ऱ्हायली म्हनायची."

तिने सूप खाली ठेवलं. मग अगदी मायेने म्हणाली, "ऱ्हाऊ दे. लुळ्या मानसाकडं सावड कोन मागतंय गं?"

माझ्या नवऱ्याला तोवर कुणी लुळा म्हटलं नव्हतं. मला तिथून उठून पळावंसं वाटलं. पण मी कागद पुढे केला आणि तिचा अंगठा घेतला.

मागचं सगळं मिळालं. कडावहून म्हैस आणली. पोरांना दूध मिळायला लागलं. मी चुकले असं मला आजही वाटत नाही, कुणी काही म्हणो.

पुढच्या पावसात आख्खी आळी आमच्या शेतात उतरली आणि दुपारपर्यंत लावणी उरकून गेली. उद्या कुणाकडे यायचं, असं हे प्रत्येकाला विचारत होते. "तुमी बसा निवांत," असं सगळे हसून सांगत होते, आणि त्यात कुचकेपणा कुणाचाच नव्हता. सावड फेडायला मलासुद्धा येऊ देईनात.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेरून एकमेकांना हाका मारत माणसं शेतावर निघाली. हे उठून, डोक्यावर इरलं घेऊन दारात उभे राहिले. आवाज आमच्या दारावरून पुढे गेले. बऱ्याच वेळाने हे आत आले आणि लहान मुलासारखे मला म्हणाले, "मला कुनी हाक मारली नाय गं."