वाघचौरेकाकांचा हिरवा ग्लास

वाघचौरेकाकांची आणि माझी ओळख भांडणातूनच व्हायची, पण भांडण थोडक्यात टळलं. आम्ही सिडकोतल्या रो-हाउसमध्ये राहायला आलो, तेव्हा त्यांच्या आणि आमच्या स्वयंपाकघरात एकच भिंत होती. लोडशेडिंगचे दिवस होते. उजाडलं की वीज जायची, म्हणून काका त्याआधीच मिक्सर लावायचे. मिक्सर जुना होता. कुणी भिंतीपलीकडे खडी फोडतंय असं वाटायचं. आठवडाभर सहन केलं आणि एका सकाळी मी जाऊन त्यांचं दार वाजवलं.

दार उघडलं ते साठीतल्या एका उंच गृहस्थांनी. पांढऱ्या बनियनवर हिरवे शिंतोडे, चष्म्याच्या एका काचेवर पालकाचा तुकडा चिकटलेला.

"आवाजाचं म्हणायला आलात ना, ताई?" ते म्हणाले. "तक्रार रास्त आहे. आत या, जागेवर मौका पाहून घ्या."

काका गंगापूरच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. नोकरी सुटली तरी कचेरीची भाषा सुटली नव्हती. दूधवाला उशिरा आला की त्याला 'गैरहजर' म्हणायचे, शेजारच्या मुलांचं क्रिकेट पावसामुळे थांबलं तर 'सामना तहकूब' म्हणायचे. हे सगळं अगदी सरळ चेहऱ्यानं. सुरुवातीला मला कळायचंच नाही की हसावं की नाही.

मौका पाहायला मी आत गेले आणि तक्रार तिथंच विसरले. आतल्या खोलीत खिडकीशी गयाकाकू बसल्या होत्या. पदर गालावरून घट्ट ओढून घेतलेला. वर्षानुवर्षं दातांना तंबाखूची मिश्री लावल्यानं त्यांच्या तोंडात गाठ झाली होती. जबड्याचं ऑपरेशन होऊन काही आठवडे झाले होते आणि किरणांचे शेक चालू होते. तोंड जेमतेम चमचा जाईल इतकंच उघडायचं. चावणं तर बंदच. मीठ झोंबायचं, तिखटाचं नाव नको. बोलणंही असं घोगरं, दबलेलं झालं होतं की काकांशिवाय कुणाला कळत नसे. डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन असंच उतरत राहिलं तर उरलेले शेक थांबवावे लागतील. आणि ते थांबवणं परवडणारं नव्हतं.

"फळांचा रस देत होतो," काकांनी सांगितलं. "केळं, पपई, चिकू. एक दिवस म्हणाली, नुसतं गोड गोड. माझ्याच घरात मी पाहुणी आल्यावानी वाटतंय."

गयाकाकू गोदाकाठच्या शेतकऱ्याची लेक. भाकरीबरोबर रोज कुठली ना कुठली पालेभाजी, हेच त्यांचं जेवण. तांदुळजा, चाकवत, चुका, करडईची कोवळी भाजी. भाजी शिजवून, गाळून दिली तर त्या ती औषधासारखी कशीबशी गिळायच्या आणि दुसऱ्या घोटाला मान फिरवायच्या. मग काकांनी पाला फळांच्या रसातच घालायचं ठरवलं. आयुष्यात त्यांनी चहापलीकडे काही केलेलं नव्हतं.

सुरुवातीचे प्रयोग वाईट होते. केळ्यात मेथी घातली, ती कडू झाली. आंब्याच्या रसात शेपू घातला, तेव्हा काकूंनी नुसता वास घेऊन ग्लास खाली ठेवला. काका मला सांगायला आले, "नामंजूर. कारणही दिलं नाही." एकदा त्यांनी पालक देठांसकट वाटला आणि त्याचा दोरा काकूंच्या घशात अडकला. खोकून खोकून त्यांचे डोळे पांढरे झाले. त्या दिवशी काका आमच्या पायरीवर येऊन बसले. कचेरीचा एकही शब्द त्यांच्या तोंडी आला नाही.

त्यानंतर मात्र त्यांची एक रीत ठरली. देठ काढायचे. पानं भरपूर पाण्यात धुवायची, उकळत्या पाण्यातून काढून लगेच गार करायची. आधी पानं थोड्या दुधात गंधासारखी वाटायची, मग फळ घालायचं, आणि शेवटी मऊ फडक्यातून सगळं गाळायचं. काकूंना देण्याआधी एक घोट स्वतः घ्यायचा. चिकू-पालकाचा रंग शेणकाल्यासारखा व्हायचा. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाले, "ताई, रंगावर जाऊ नका. साहेबाचं अक्षर पाहून कुणी हुकूम फिरवत नाही." मी चव घेतली. आधी चिकू लागला, आणि घोट उतरल्यावर मागाहून पानांचा ओला, किंचित मातकट वास आला. काकूंना तोच वास हवा होता. पपईत तांदुळजा घातला त्या दिवशी त्यांनी ग्लास रिकामा करून उलटा धरून दाखवला. काकांनी भिंतीवर टकटक करून मला बोलावलं आणि म्हणाले, "मंजूर."

शाळेतून येताना मी करमाडकडच्या भाजीवालीकडून जुड्या आणू लागले. काका निवडायला बसायचे, मी समोर वह्या तपासायचे. काकू खिडकीतून आमच्यावर लक्ष ठेवून असायच्या. असं महिनाभर बरं चाललं. वजन थोडं का होईना, टिकून होतं.

मग एका सकाळी मिक्सरचा आवाज आला नाही. मी लगेच गेले. वेगवेगळ्या रसांचे दोन ग्लास आदल्या संध्याकाळपासून स्टुलावर तसेच पडलेले होते, फेस बसून वर पाणी सुटलेलं. काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"कालपासून घेत नाही," काका म्हणाले. "समजावलं, विनवलं. डॉक्टर म्हणतात, असंच राहिलं तर ऑपरेशननंतर होती तशी नाकातून नळी पुन्हा घालावी लागेल."

ते पुण्याला मुलाला फोन करायला कोपऱ्यावरच्या बूथवर गेले. ते गेल्याबरोबर काकूंनी कूस बदलली आणि मला जवळ बोलावलं. काहीतरी बोलल्या. मला कळलं नाही. पुन्हा बोलल्या. त्यांना त्रास होत होता, तरी एकेक शब्द सुटा करून सांगत होत्या. अखेरीस मला कळलं. "त्यांनी... भाकर... कधी खाल्ली... इचार."

मी स्वयंपाकघरात गेले. ज्वारीच्या पिठाच्या डब्यात जाळी धरली होती. तव्यावर गंज चढला होता. रोज या ओट्याशी येत होते मी, पण माझं लक्ष फक्त मिक्सरकडे असायचं. काका परत आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती किती सैल झाली आहे, ते मला पहिल्यांदा दिसलं.

"काका, तुम्ही जेवता काय?"

काकांनी चपला जागेवर ठेवल्या, सरळ केल्या. मग म्हणाले, "ती पिते तेच मी पितो. तिच्यापुढं बसून भाकरी कशी मोडू, ताई? घास उतरत नाय."

आतून काकूंचा आवाज आला. लांब, तुटक वाक्य होतं, आणि रागाचं होतं. काका ऐकून तसेच उभे राहिले.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणते, तुम्ही जेवाल तेव्हाच मी पिईन." त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणते, मला जगवून तुम्ही जाणार असाल तर नळी नको आन् ग्लासबी नको."

मी घरी येऊन दोन भाकरी थापल्या, पिठलं टाकलं, कांदा फोडला. तोवर काकांनी नवा ग्लास करून ठेवला होता. ताट घेऊन ते काकूंच्या समोर बसले. पहिला तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि हातातच धरून राहिले. काकू उठून बसल्या होत्या. त्यांच्या गालावरचा पदर सरकला होता आणि त्यांनी तो सावरला नाही.

"चावा," त्या म्हणाल्या. तो शब्द मला स्पष्ट कळला.

काकांनी घास तोंडात घातला. बराच वेळ चावला. त्यांनी तो गिळला तेव्हा काकूंनी ग्लास उचलला.

पुढं तेच त्यांचं जेवण झालं. समोरासमोर बसायचे. एकाच्या ताटात भाकरी, दुसरीच्या हातात ग्लास. काका पटपट उरकू लागले की काकू ग्लास खाली ठेवायच्या, मग त्यांना पुन्हा सावकाश चावावं लागायचं. कांदा घ्या, ताक घ्या, अशी काकूंची फर्मानं चालायची, आणि ती आता मलाही कळू लागली होती. शेक पुरे झाले. थंडी सरता सरता काकूंचं तोंड थोडं अधिक उघडू लागलं, आणि एक दिवस त्यांनी मऊ भात खाल्ला. ती बातमी काकांनी गल्लीत घरोघर जाऊन सांगितली. मला म्हणाले, "अपील जिंकलं, ताई."

काकूंना घन पदार्थ खाता येऊ लागले तरी सकाळचा ग्लास सुटला नाही. माझी मुलगी परीक्षेच्या दिवसांत भिंतीवर टकटक करून आपला ग्लास मागून घ्यायची. पुढं आंबट सोसू लागल्यावर काकांनी पपईत चुका घालून दिला, तेव्हा काकू गोदाकाठच्या शेताविषयी दिवसभर बोलत होत्या.

काका गेले ते काही वर्षांनी, हृदयाच्या दुखण्यानं. दवाखान्यात फार दिवस काढावे लागले नाहीत. मुलगा काकूंना पुण्याला न्यायला आला होता, सामानाची बांधाबांध चालली होती. मी काकूंजवळ बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "काकांना पालेभाज्यांचा भारी नाद होता."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना एका बाजूनंच हसता यायचं, तसं हसल्या.

"नाद? अगं पोरी, त्यांना पालेभाजी कधीच आवडली नाय. मी लग्न होऊन आले तवाच सासूबाईंनी सांगितलं हुतं, ह्याला पाला वाढू नको, ताटाच्या कडंला सारून ठिवतो. जलमभर सारला."

"पण रोज आधी तेच घोट घ्यायचे ना?"

"व्हय. मला वाटायचं, पिऊन पिऊन गोडी लागली आसंल." बोलताना त्यांना अजूनही मध्ये दम घ्यावा लागायचा. "दवाखान्यात इचारलं त्यांना. म्हनलं, आता तरी खरं सांगा, आवडाय लागलं का? तर माझा हात धरला आन् म्हनाले, 'नाय गं. अजून नाय.'"