कामावरून काढण्याचं कारण

माझ्या मावशीची लाँड्री होती. घरच्या कपड्यांची नव्हे. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुण्याची. तिथली कागदपत्रं मी नऊ वर्षं सांभाळली आणि त्यातली निम्मी वर्षं, खरं सांगते, ऑफिसच्या काचेतून चादरी बघण्यात घालवली. सकाळी वाफ छतापर्यंत चढायची. दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी संथ हलायच्या आणि त्यांच्यामधून जाणारी माणसं अर्धीच दिसायची: इथे एक हात, तिथे दोन पावलं. बोलणंसुद्धा भिजल्यासारखं ऐकू यायचं. मावशी त्या पांढऱ्यातून कधी कुठून प्रकट होईल याचा नेम नसे.

माणूस कामावर ठेवण्याची तिची रीत तिचीच होती. कोण, कुठली, आधी कुठे होतीस, काही विचारायची नाही. एक वाळलेली चादर उचलायची, दोन कोपरे समोरच्या माणसाच्या हातात द्यायचे आणि दोघांनी मिळून घडी घालायची. समोरच्याने हिसका दिला तर नको, ढिलं सोडलं तरी नको. माझे बाबा कामगार खटल्यांचे वकील. ते कपाळाला हात लावायचे.

"अहो, आधीच्या मालकाला पत्र टाका. त्या माणसाची संमतीची सही घ्या आणि कामापुरतं विचारा. चादरीला काय विचारता?"

"चादर खोटं बोलत नाही, भाऊजी."

आणि मेलं ते बहुतेक वेळा खरंही निघायचं, म्हणून बाबा आणखी चिडायचे.

गुपचूपताई अशीच घडी घालून आली होती. हे नाव बाकीच्या बायकांनी ठेवलेलं, कारण दिवसभरात ती चार वाक्यं बोलली तर डोक्यावरून पाणी. इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर ती अकरा वर्षं होती. एका बाजूने ओलसर चादर घालायची, दुसऱ्या बाजूने गरम, सपाट चादर यायची. तिच्या हाताला एक लय होती. ती बघता बघता माझे डोळे जड व्हायचे, आणि हिशेबनीस म्हणून मला लाज वाटायला हवी होती, पण वाटायची नाही.

एका वर्षी पाण्याची ओढ होती. मावशीने फर्मान काढलं: चादरी तीनऐवजी दोनच पाण्यांतून काढायच्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. थोड्या दिवसांनी एका हॉटेलाने गाडीभर चादरी परत पाठवल्या. प्रत्येकीवर पिवळट पट्टे.

मावशीचा पारा चढला की तो मधे कुठे थांबत नसे. वाफेतून ती थेट रोलरपाशी गेली. "रोलर तापवून ठेवतेस आणि झोपा काढतेस! उद्यापासून येऊ नकोस." अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. गुपचूपताईने अंगावरचा एप्रन काढला, त्याची घडी घालून टेबलावर ठेवला आणि चादरींमधून दिसेनाशी झाली. मी काचेआड बसून होते. मीही तोंडातून शब्द काढला नाही, आणि त्याची मला आजही शरम वाटते.

बाबांना कळलं तेव्हा ते भडकले. "आरोप लेखी दिलात? उत्तराला वेळ दिलात? तिच्या बाजूने कुणी सोबत होतं? तिचं म्हणणं तरी ऐकलंत?"

"चादरी पिवळ्या पडल्या, भाऊजी. डोळ्यांना दिसतंय."

"चादरी दिसतात हो. कुणामुळे, ते कुठे दिसतं?"

रोलरवर नवी बाई आली. चादरी पिवळ्याच. मेकॅनिकने रोलर खोलून पाहिला. उष्णता ठीक होती. शेवटी साबण पुरवणारा म्हातारा आला. त्याने एका चादरीचा कोपरा सरळ जिभेला लावला आणि तोंड वाकडं केलं. "सोडा राहतोय आत. रोलरची आच लागली की कापड पिवळं पडणारच. तिसरं पाणी बंद केलंत की काय?"

त्याच दुपारपासून तिसरं पाणी सुरू झालं. गुपचूपताईकडे जायचं मात्र रोज उद्यावर गेलं. माफी मागणं मावशीच्या अगदी जिवावर यायचं. असे चार महिने गेले.

मग दुसऱ्या एका लाँड्रीचं पत्र आलं. खाली गुपचूपताईची संमतीची सही होती. कधीपासून कधीपर्यंत होती, काम कसं होतं, कामावरून काढण्याचं कारण काय. कारण समाधानकारक नसेल तर नेमणूक होणार नाही, असं स्वच्छ लिहिलेलं. बाकीच्या बायकांकडून कळलं, दोन ठिकाणांहून तिला याच प्रश्नावरून परत पाठवलं होतं. घरात आई अंथरुणाला खिळलेली आणि कमावणारी ही एकटी.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं. "वकील म्हणून सांगतो, तारखा लिहा आणि सही करा. चूक कबूल केलीत तर हाच कागद घेऊन ती कामगार न्यायालयात जाईल, आणि मग मलाही काही करता यायचं नाही."

"आणि भाऊजी म्हणून?"

"भाऊजी म्हणून मी चहा प्यायला आलोय," असं म्हणून बाबा खिडकीबाहेर बघत बसले.

चादरी हलत होत्या. मावशीने पत्र माझ्यापुढे सरकवलं. मग मला म्हणाली, लिही. "कारण: मालकिणीची चूक. पाणी मी कमी केलं. चादरी त्यामुळे पिवळ्या पडल्या. तिला एक शब्द न विचारता मी तिला काढलं. अकरा वर्षांत तिच्या हातून एकही चादर करपलेली नाही." तिने खाली सही केली. मला तिचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

आठवड्याने आम्ही दोघी त्या पत्राची नक्कल घेऊन गुपचूपताईच्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावरची खोली. तिने दारात उभ्यानेच कागद वाचला.

"परत ये," मावशी म्हणाली. "नाहीतर कोर्टात जा. दोन्हीला माझी ना नाही."

"तिथे घेतलंय मला. सोमवारपासून."

"बरं झालं ग. खूप बरं झालं." मावशी म्हणाली. "सोडा राहत होता चादरींत. मला मेलीला कळलंच नाही."

"मला कळलं होतं. तुम्ही काढलंत त्याच्या आदल्या संध्याकाळी. चादर बोटांना बुळबुळीत लागत होती."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

गुपचूपताईने कागदाची घडी घातली. "सकाळी तेच सांगायला तुमच्याकडे निघणार होते, बाई. तेवढ्यात तुम्हीच समोर आलात."

मावशी जिन्याच्या पायरीवर बसली आणि पदरात तोंड लपवून रडली. गुपचूपताईने आतून पाण्याचा पेला आणला, तिच्याशेजारी ठेवला, आणि हळूच दार लावून घेतलं.