काट्याच्या चिठ्ठीवरचा दाखला

"हात दाखव."

मी दोन्ही हात पुढे केले. मालकाने काठीच्या टोकाने माझी बोटं उलगडली. एकेक. बाजारात बैल घेणारा माणूससुद्धा बैलाला हाताने चाचपतो. याने काठी वापरली.

नांदुऱ्याच्या स्टेशनामागे त्याच्या भाड्याच्या बारा खोल्यांची रांग होती. बाराही महिने मजुरी मिळते असा दाखला असेल त्यालाच तो खोली देई, आणि मी खोली मागायला आले होते. मधे अंगण, अंगणात विहीर. पाणी भरणाऱ्या बाया घागरी तशाच ठेवून बघत उभ्या राहिल्या. माझी आठ वर्षांची पोर, कौशी, माझ्या लुगड्याला धरून होती.

"हात तं कामाचे दिसते," मालक त्याच्या दिवाणजीला म्हणाला. "कागद वाच."

दिवाणजीने माझा पगाराचा दाखला साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असा वाचला. ही बाई आमच्या सरकी काढायच्या जिनात तीन वर्षं कामाला आहे, हंगामात कापूस निवडते, पावसाळ्यात पोती शिवते, बाराही महिने मजुरी मिळते. खाली मॅनेजरची सही. मग त्याने कागद उलटा केला आणि खो खो हसला.

"मालक, हा दाखला हाय का चिठोरा? मांगं कापसाचं वजन लिवलं हाय!"

ते खरंच होतं. आमचा मॅनेजर महाचिक्कू. कोरा कागद त्याच्या हातून सुटत नसे. गाड्यांचा कापूस काट्यावर तोलला की जी चिठ्ठी फाडतात, ती जुनी झाली की तिच्याच पाठीवर तो दाखले लिहायचा.

"अन् श्रावणात जिनात काय काम रायते व?" मालकाने विचारलं. "तवा तं जीन बंद रायते. कोनाले येडं बनवून राह्यली?"

"चार बायाइले ठेवते जी. सरकीचे पोते शिवाले."

"पोट्टीच्या डोक्यावर हात ठेवून सांग."

मी ठेवला. खरं बोलतानासुद्धा पोरीचा जीव पणाला लावायचा, हे किती वाईट असतं ते त्या दिवशी कळलं. "खरं हाय जी," मी म्हणाले.

तेवढ्याने त्याचं भागलं नाही. त्याने एक फाटकं पोतं, दाभण आणि सुतळी मागवली. "शिव."

मी भर उन्हात अंगणात बसून पोतं शिवलं. सरळ टाके घातले, कामावर घालते तसेच. बाया बघत होत्या. कोणीतरी हसलं. कौशी रडली नाही. ती नुसती बघत राहिली, आणि तेच मला जास्त लागलं.

तुम्ही म्हणाल, उठून का नाही आलीस?

कारण चैत्र संपत आला होता. जिनाचा भोंगा आणखी आठ दिवस वाजणार होता. हंगाम असेपर्यंत आम्हा मजूर बायकांना कापसाच्या छपरीत राहू देत. भोंगा थांबला की छपरीला कुलूप. पोती शिवणाऱ्या चौघींना काम मिळे, जागा नाही. आदली दोन वर्षं मी पावसाळ्यात एका सोबतिणीकडे काढली. ती आता गाव सोडून गेली होती.

जागा नाही म्हणजे सासरच्या गावी, पिंपळगाव राजाला, परत जायचं. तिथे माझा दीर. आम्ही माळ्याचे, दोन वाफे वांगी-मिरची, नवरा गेल्यावर तेही दिराच्या ताब्यात. दिराने कौशीसाठी नवरा बघून ठेवला होता. पस्तिशीचा, पहिली बायको मेलेला. कायद्याने बंदी होती म्हणे. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं, कायदे नागपुराहून येत. पिंपळगावापर्यंत ते येता येता आमच्या पोरींची लग्नं उरकून जात.

म्हणून मी पोतं शिवलं.

शेवटचा टाका घालत होते तेवढ्यात एक माणूस आला. कोट, काळी टोपी, हातात गुंडाळलेला कागद. डोणगावकडचा, कुठल्याशा पाटलाचा भाचा. त्यालाही खोली हवी होती. दिवाणजीने त्याचाही दाखला वाचला. जाड, पांढराशुभ्र कागद, खाली एक आण्याचं सरकारी तिकीट चिकटवलेलं. हा गृहस्थ म्हणे आमच्याच जिनात काट्यावर कारकून, बाराही महिने.

मी तीन वर्षं रोज त्या काट्यासमोरून जात होते. हे तोंड मी कधी पाहिलं नव्हतं.

"मालक," मी बसल्या जागेवरून बोलले, "ह्या दाखल्यावर तिकीट काऊन हाय? आमचा मॅनेजर तिकीट लावत नाही. अन् इतका चांगला कागद तं तो आपल्या जावयाले बी देनार नाही."

"तुले कोनं इचारलं?"

"मले नोका इचारू. त्याइले इचारा, श्रावणात काटा कसा चालते."

मालकाने विचारलं. तो माणूस ऐटीत म्हणाला, "श्रावणात तर काट्यावर गाड्यांची रांग लागते. मान वर करायला फुरसत नसते."

श्रावणात कापसाची गाडी! तेव्हा कापूस शेतात वीतभर असतो आणि आमचा काटा गोणपाटात गुंडाळून ठेवलेला असतो. मालक जमीनदार होता, त्याला हे कळायला वेळ लागला नाही. तो मोठ्याने हसला. मला वाटलं, आता या माणसालाही काठी दाखवणार.

मालक त्याला घरात घेऊन गेला. चहा झाला. उतरत्या उन्हात त्याची ट्रंक रस्त्याकडच्या चांगल्या खोलीत गेली. त्याचा दाखला खोटा होता आणि ते साऱ्या अंगणाला ठाऊक होतं. त्याला कोणी दाभण दिली नाही.

मला मालकाने संध्याकाळी बोलावलं. "तुले कागद वळखता येते. पावसाळ्यात लोकं भाडं बुडवून पळून जाते, अन् कागद आनते खोटे. तू पायरीवर बसत जाय. खोटा कोनता ते सांगत जाय. मोरीजवळची खोली तुले."

मी किल्ली घेतली. एकदाही मागेपुढे पाहिलं नाही.

त्यानंतरचे पंधरा दिवस मला सांगायची लाज वाटते. कौशी आता मोठी झाली आहे, तीच हे लिहून घेते आणि माझी भाषा थोडी सरळ करते. लिहिताना इथवर आल्यावर ती म्हणाली, आई, हे राहू दे. मी म्हटलं, लिही.

मला अक्षर येत नव्हतं, पण खोटा दाखला मी लांबून ओळखायची. स्टेशनासमोर एक अर्जनवीस बसायचा, तो हे दाखले लिहून द्यायचा. त्याचा कागद कोरा आणि जाड, त्यावर तिकीट, आणि मजुरी महिन्याची लिहिलेली. जिनातल्या बाईला मजुरी महिन्याने कधीच मिळत नाही, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी मिळते. त्या बिचाऱ्याला हे ठाऊक नव्हतं. दाखला खरा वाटावा म्हणून तो जितका नटवायचा, तितका तो मला सापडायचा.

मी चौघांना पकडून दिलं. एक हमाल, त्याच्यासोबत म्हातारी आई. दोन बहिणी, सरकीच्या ढिगावर काम करणाऱ्या. एक बाई, नवऱ्याने टाकलेली, माझ्यासारखीच बोचकं घेऊन आलेली. मी नुसती मान हलवायची. दिवाणजी त्यांचा कागद अंगणात फाडायचा.

मला तेव्हा बरं वाटायचं. मालक सगळ्यांसमोर म्हणायचा, "बाई हुशार हाय." तीन वर्षांत मला कोणी हुशार म्हटलं नव्हतं. रात्रीचं दार आतून लावता यायचं. कौशी शाळेत जाऊ लागली होती. मी स्वतःला सांगायची, मी खोटं कुठे बोलते? खोटे तर ते आहेत.

मग पारबता आली.

पारबता कापूस निवडायला माझ्या शेजारी बसायची. माझा नवरा गेला त्या वर्षी मला भाकर गिळवत नव्हती, तेव्हा तिने स्वतःच्या हाताने घास भरवला होता. आता तिला सातवा महिना होता. छपरीला कुलूप लागलं तशी ती स्टेशनाच्या शेडमध्ये पडून असायची, तिथून शिपाई हाकलायचा. हे मला ठाऊक होतं. मी त्या रस्त्याने जायचं टाळत होते.

तिने पदरातून दाखला काढला. काट्याच्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलेला. तिकीट नाही. दिवाणजीने वाचलं, मजुरी आठवड्याची. पावसाळ्यात पोती शिवते, असं लिहिलेलं. अगदी माझ्यासारखाच. जिनातलीच बाई ती, तिला सगळं माहीत होतं. सही कोणाकडून करून घेतली, देव जाणे.

दिवाणजीने उलटसुलट करून पाहिलं. "हा तं खरा दिसते, मालक."

पण पोती शिवणाऱ्या आम्ही चारच होतो. पारबता त्यात नव्हती. हे त्या अंगणात फक्त दोघींना ठाऊक होतं, तिला आणि मला.

पारबता एका हाताने पोट धरून माझ्याकडे बघत राहिली.

मालकाने तिचं बघणं पाहिलं. मग माझं. "वळखीची दिसते," तो म्हणाला. "कौशे, इकडं ये." शाळेतून आलेली कौशी पाटी घेऊन उभी होती. ती आली. "हं. पोट्टीच्या डोक्यावर हात ठेव अन् सांग. खरा का खोटा?"

खोटा म्हटलं तर पारबता रस्त्यावर बाळंत होणार. खरा म्हटलं तर माझ्या पोरीच्या डोक्यावर खोटी शपथ. मी भोळी बाई, माझा शपथेवर विश्वास होता. मालक बघत होता, आणि त्याला मजा वाटत होती. ती मजा मला दिसली. पहिल्या दिवशी दाभण देतानाही त्याच्या तोंडावर हीच मजा होती. तेव्हा मी खाली मान घालून टाके घालत होते, म्हणून मला दिसली नव्हती.

कौशीने आपण होऊन डोकं पुढे केलं. सवयीने. जसं काही तिचं डोकं त्यासाठीच आहे.

ते पाहिलं तेव्हा माझा हात तिच्या डोक्याकडे निघालेला होता.

मी हात मागे घेतला. "मी सांगत नाही," म्हणाले.

"काय?"

"सांगत नाही. खरा बी सांगत नाही, खोटा बी सांगत नाही. रस्त्याकडच्या खोलीत जो बसला हाय, त्याचा हात कोनाच्या डोक्यावर ठेवला होता तुम्ही? त्याले चहा देल्ला. मले दाभण देल्ली."

कोटवाला त्याच्या दारातून आत सरकला.

"किल्ली ठेव," मालक म्हणाला. "अन् दोघी बी चालत्या व्हा."

मी किल्ली कनवटीची काढून पायरीवर ठेवली. हातात दिली नाही.

यानंतर सारं छान झालं असं मी सांगणार नाही. जिनामागे रुळाच्या कडेला आम्ही कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांची झोपडी केली, वर फाटकी पोती टाकली. मृगाच्या पावसात ती तीनदा कोसळली. पारबताचं पोर तिथेच झालं, आठ दिवसांत गेलं. कौशी तापाने फणफणली, महिनाभर तिची शाळा बुडाली. दीर आला, झोपडीकडे बघून म्हणाला, "आतातरी चाल, वयनी." मी दारात दाभण घेऊन पोती शिवत बसले होते. उठले नाही. तो दोनदा आला, मग आला नाही.

ज्या चौघांना मी हाकललं, त्यांना शोधलं. टाकलेली बाई तेवढी मलकापुरात भेटली. मी तिच्या पाया पडायला गेले. तिने पाय मागे घेतले आणि तोंड फिरवून निघून गेली. बरोबरच केलं तिने.

आता मी काय करते ते सांगते. हंगामात काट्याजवळ जुन्या चिठ्ठ्या पडलेल्या असतात. त्या मी वेचून ठेवते. चैत्र आला, छपरीला कुलूप लागायची वेळ झाली, की बाया माझ्याकडे येतात. तिकीट लावायचं नाही. मजुरी बाजाराच्या दिवसाची लिहायची. श्रावणात पोती शिवते म्हणायचं. कौशी लिहून देते, तिचं अक्षर मॅनेजरपेक्षा चांगलं आहे, म्हणून मी तिला मुद्दाम वाकडं काढायला लावते. हो, ते दाखले खोटे असतात. ज्याला तक्रार करायची त्याने करावी. जोवर कोटवाल्याला खोट्या कागदावर खोली मिळते, तोवर माझ्या बायांनाही मिळेल.

आणि कौशीच्या डोक्यावर मी तेल घालताना हात ठेवते. शपथेसाठी नाही. पुन्हा कोणी मला तसं सांगून पाहावं.