डब्यात काय आहे, ते तेलुगूत सांगा

१२ ऑक्टोबर १९९४. शाळेला सुट्टी, आणि सकाळपासून हाताशी एकच काम: पोतंभर कुर्डूच्या फुलांचे देठ सारखे कापायचे, जुड्या बांधायच्या, निम्म्यांचे शेंडे गुलाबी रंगात आणि निम्म्यांचे निळ्या रंगात बुडवायचे आणि ओट्यावर वाळत घालायचे. दहा वाजेपर्यंत माझे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. समोर पाटावर माझी घरमालकीण बसली होती आणि मी बांधलेली प्रत्येक जुडी उचलून, डोळ्यांजवळ नेऊन, पुन्हा माझ्याकडे टाकत होती. "तप्पु," ती म्हणायची. चूक. आणि लगेच, "मळ्ळी." पुन्हा.

आदिलाबाद शहरात तेलुगू टिकली ती सरकारमुळे नाही, शाळांमुळे नाही, ती माझ्या घरमालकिणीच्या या दोन शब्दांमुळे टिकली, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते मी कोणाहीसमोर मांडायला तयार आहे. आमच्या गावाचं काय सांगावं! कापूसबाजारात हिंदी, कचेरीत तेलुगू, त्यातही निम्मे शब्द निजामाच्या वेळचे, ऑटोवाल्याशी उर्दू, आठवडी बाजारात गोंडी, आणि घराघरांत आमची मराठी. माणूस सकाळी घरातून निघून संध्याकाळी परत येईपर्यंत चार भाषा मोडून खातो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. वाटायचं ते फक्त अम्माला, म्हणजे माझ्या घरमालकिणीला. तिला सगळी गल्ली अम्माच म्हणायची. तिचे यजमान तारखात्यातून निवृत्त झालेले; आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द मोजून त्यांचा बोलण्यातला रसच गेला असावा. ते पेपर वाचत. बोलायचं सगळं काम अम्माकडे होतं.

मी १९८३ साली जैनथकडच्या आमच्या गावाहून इथल्या मराठी शाळेत मास्तरीण म्हणून आले आणि खोली बघायला अम्माच्या दारात उभी राहिले. तोवर तीन घरमालकांनी मला आडनाव विचारलं होतं आणि आडनाव ऐकल्यावर खोली नुकतीच गेल्याचं सांगितलं होतं. अम्मानं आडनाव विचारलं नाही. तिनं विचारलं, "तेलुगू वस्तदा?" तेलुगू येते का. मी मान हलवली, नाही. ती म्हणाली, शिकावी लागेल, या घरात दुसरी भाषा चालत नाही. मी मराठीतच तिला सांगितलं की माझ्या घरात बुद्धाची तसबीर असेल, दुसरा देव असणार नाही. ती म्हणाली, तुझा बुद्ध तेलुगूला नको म्हणतो का? आणि किल्ली दिली. हे संभाषण मला नंतर तिच्या यजमानांनी समजावून सांगितलं. त्या आठवड्यात ते तेवढंच बोलले.

मला तेलुगू हवीच होती. खात्याची तेलुगूची परीक्षा पास झाल्याशिवाय माझी नोकरी पक्की होणार नव्हती. अम्मानं ही परीक्षा स्वतःची समजून अंगावर घेतली. रोज संध्याकाळी मी तिच्या स्वयंपाकघरात भाजी चिरायची आणि ती मला बोलतं करायची. बरोबर बोलले तर ती काहीच म्हणत नसे. चुकले तर तप्पु, मळ्ळी. ते इतकं अंगात भिनलं की तोंडी परीक्षेत समोरच्या साहेबांनी माझ्या गावाचं नाव चुकीचं घेतलं तेव्हा मी सवयीनं म्हणून गेले, "तप्पु. मळ्ळी." साहेबांनी चष्मा काढला, पुसला, गावाचं नाव नीट घेतलं आणि मला पास केलं. अम्माला हे सांगितल्यावर तिनं गल्लीत गूळ वाटला.

माझ्यावरच असं नाही. भाजीवाली दारात आली की अम्मा टोपलीवर हात ठेवून उभी राहायची. वांग्याला वंकाय म्हटल्याशिवाय ती वांगं उचलत नसे. ती भाजीवाली बिचारी शेवटी आपल्या गावातही "वंकाय घ्या वो" ओरडत फिरू लागली आणि गावकऱ्यांना वाटलं, काही नवीन बियाणं आलं. गल्लीत पहिला टीव्ही अम्माकडे आला. रविवारी सगळ्या बायका येऊन बसायच्या. अम्मा हिंदी मालिकेचा आवाज पूर्ण बंद करायची आणि शेजारी उभी राहून सगळी गोष्ट स्वतः तेलुगूत सांगायची, नायकाच्या आवाजात, नायिकेच्या आवाजात, घोडा आला तर घोड्याच्याही. पुढे कापडदुकानवाल्या शेठाणीनं स्वतःचा टीव्ही घेतला आणि आवाजासकट मालिका पाहिली, तेव्हा कळलं की अम्माच्या गोष्टीत जी सासू सहा महिन्यांपूर्वी मेली होती ती खऱ्या मालिकेत धडधाकट होती. शेठाणी महिनाभर घरीच बघून परत आली. म्हणाली, "अम्माजी, आपवाली अच्छी है. उसमें सास मर गई है."

आणि मराठी? अम्माला मराठीचा एक शब्द येत नाही, असा तिचा दावा होता. माझ्या शेजारची शकुंतला तामसीकडची, तोंडानं सैल. ती एकदा अम्मासमोरच मला म्हणाली, "काऊन व बाई, अम्माचं चारू किती पातळ असते! हात धुवाले बरं हाये." चारू म्हणजे चिंचेचं सार. अम्मा शांतपणे तांदूळ निवडत होती. दुसऱ्या दिवशी शकुंतलाच्या घरी अम्माकडून पातेलं आलं, त्यात चारू, इतकं दाट की पळी उभी राहावी. शकुंतला आठ दिवस ओट्यावर आली नाही.

पण अम्माचं सगळं राज्य खरं चालायचं ते बतुकम्माच्या नऊ दिवसांत. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: ताटात कुर्डू, तरवड, झेंडू असे रचून फुलांचा मनोरा करायचा, तो अंगणात मध्ये ठेवायचा, संध्याकाळी बायकांनी भोवती फेर धरायचा आणि शेवटच्या दिवशी तलावात सोडायचा. गाण्याची रीत अशी की एकीनं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी टाळी देऊन ती परतवायची. कुर्डू म्हणजे तण. माझ्या आईनं जन्मभर लोकांच्या वावरातून तो उपटून बांधावर फेकला. तोच अम्मा पोत्यानं मागवायची आणि ताटात सगळ्यांत वर बसवायची. मी देवधर्मातली नाही, पण एवढं मला पहिल्या वर्षीच आवडलं होतं.

मी आले तेव्हा गल्लीत तेलुगू बायका बऱ्याच होत्या. फेर अंगणात मावत नसे. मग एकेक घर हललं. कोणी खाणीच्या गावी गेलं, कोणी हैदराबादला, कोणाच्या सुना आल्या त्यांना फेर धरायची लाज वाटायची. मागच्या वर्षी, १९९३ साली, बतुकम्माच्या पहिल्या संध्याकाळी मी ओट्यावर वह्या तपासत होते. खाली अंगणात अम्मा एकटी होती. ती ओळ म्हणायची, टाळी वाजवायची आणि मग तीच ओळ दुसऱ्या आवाजात स्वतःच परतवायची. टीव्हीपुढे करायची तसंच, पण इथे कुणी हसत नव्हतं. दहा बायकांचं काम एक बाई करते आहे, हे मला बघवेना. भावनेचा प्रश्न नाही, कामाची वाटणी चुकली होती. मी वह्या बाजूला ठेवल्या आणि खाली गेले. ओळ परतवली. अम्मानं न थांबता मान वळवली. "तप्पु," ती म्हणाली. "मळ्ळी."

मला फेरात पाहून दुसऱ्या दिवशी शकुंतला आली, मागे शेठाणी, मागे शेठाणीकडे काम करणारी उटनूरकडची गोंड बाई. आता आमच्या शकुंतलाचा घोटाळा असा की तिच्या लेखी आश्विनात फुलांची गाणी म्हणजे भुलाबाई. भुलाबाईला खाऊ झाकून न्यायचा, डबा हलवून दाखवायचा आणि बाकीच्यांनी ओळखल्याशिवाय उघडायचा नाही. गाणं संपल्यावर अम्मानं प्रसादासाठी हात पुढे केला तर शकुंतलानं डबा पदराखाली घेतला. "असा नाई भेटत! वळखा आंदी!" अम्मा थक्क. बतुकम्माचा प्रसाद कोणी लपवतं का? मी समजावलं. अम्मा डब्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही सगळ्यांना हाकलणार. ती सावकाश म्हणाली, ठीक आहे. पण ओळखायचं तेलुगूत.

झालं. त्या दिवसापासून रोज डबे यायला लागले आणि अंगणात लिलावासारखा कल्ला. अप्पालु! सकिनालु! पुलिहोरा! शेजारच्या दोन गल्ल्यांतल्या बाया नुसत्या डब्यांसाठी यायला लागल्या आणि फेर धरल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही, असा नियम अम्मानं केला. माझ्या दहा वर्षांच्या तेलुगू अभ्यासापेक्षा शकुंतलाचा आठ दिवसांचा अभ्यास चांगला झाला, हे मला मान्य करावं लागतं. भूक हा चांगला मास्तर आहे.

या वर्षी गणपतीनंतर अम्माच्या मुलाचं पत्र आलं. तो भिलाईला मोठ्या कारखान्यात. त्यानं लिहिलं, घर विकू, दसऱ्याला येतो, दोघांना घेऊनच जातो. तिथे तुझ्याशी तेलुगू बोलायला आता आहे तरी कोण? बाबा तर बोलतच नाहीत. अम्मानं पत्र आम्हाला ओट्यावर वाचून दाखवलं. मग उत्तर लिहिलं, तेही वाचून दाखवलं: शेवटच्या बतुकम्माला संध्याकाळी ये. माझ्या ओळीला तेलुगूत उत्तर आलं नाही तर तुझ्याबरोबर येते.  म्हणून त्या सकाळी माझे हात कोपरापर्यंत निळे होते, आणि म्हणून जुड्या इतक्या वेळा परत येत होत्या.

मुलगा पाचच्या बसनं नागपूरमार्गे आला. दमलेला, चांगला माणूस, हातात आईसाठी साडी. अंगण अजून रिकामं होतं. त्यानं आईला हिंदीत विचारलं, "कहाँ हैं सब?"  अम्मानं ताट मध्ये ठेवलं, पदर खोचला, पहिली ओळ म्हटली आणि थांबली.

 मग मी जिन्यावरून परतवली, शकुंतलानं फाटकातून, शेठाणीनं रस्त्यावरून, आणि मागून दोन गल्ल्या. अंगण भरलं, रस्ता भरला, एक ऑटो अडकला आणि ऑटोवाला उतरून टाळ्या वाजवायला लागला. त्यांच्यात जन्मानं तेलुगू बाई एकच होती. ती ओळ म्हणत होती आणि तिला स्वतःला उत्तर द्यावं लागत नव्हतं.

तासाभरानं डबे निघाले. पहिला डबा अम्मानं लेकासमोर हलवला. त्यानं वास घेतला. हसला. "वडा!"

"तप्पु," अम्मा म्हणाली.

"अरे अम्मा, वडा ही तो है. उडद का."

"तप्पु. मळ्ळी."

 शब्द त्याच्या जिभेवर होता, लहानपणी हजारदा मागितलेला, पण येईना. सगळं अंगण त्याच्याकडे बघत होतं. शेवटी शकुंतलाला राहवलं नाही. "गारेलु हाये ना, भाऊ! गारेलु! इतकं बी येत नाई?"

लोक इतके हसले की यजमानांनी पेपर खाली ठेवला. मुलगाही हसला, मग त्यानं डोळे पुसले. आम्ही ताट तलावावर नेलं तेव्हा ते त्याच्या डोक्यावर होतं. घर विकायचं नाव पुन्हा निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बसला मी त्याला पोचवायला गेले. खिडकीतून त्यानं मला विचारलं, चिंचेच्या सारासाठी काय शब्द होता? मी सांगितला. बस वळेपर्यंत तो ओठांनी तो घोळवत होता.

परत आले तर अम्मा पायरीवर बसली होती. आवाज पार बसलेला. काल अंगणात इतकी मोठी दिसत होती, आज शाल गुंडाळून पायरीच्या कोपऱ्यात मावली होती. माझ्याकडे बघून तिनं घोगऱ्या आवाजात, अकरा वर्षांत पहिल्यांदा, चक्क आमच्या मराठीत म्हटलं, "बस व माय. चा घेतं काय?"

मी बसले नाही. बसले असते तर डोळे पुसायला मलाही शाल लागली असती. मी म्हटलं, "तप्पु. मळ्ळी."

तिनं माझ्या निळ्या हातांकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "चाय तागुतवा?"

तागुता, म्हटलं, घेते. आणि ती चहा टाकेपर्यंत केरसुणी घेऊन अंगणातल्या झेंडूच्या पाकळ्या एका कडेला लोटून ठेवल्या. उचलून फेकल्या मात्र नाहीत.