चटणीची मापं आणि माझी वही
गिरणीतल्या डंकावर, त्या कुटायच्या यंत्रावर, मिरची कुटायला लागली, की तो ठसका मला थेट त्या दुपारी नेऊन सोडतो. आई गेल्यानंतरची पहिली चटणी, वर्षभराचं मसाल्याचं तिखट, कुटायची होती. तिनं आजारपणात सांगितलेली मापं मी लॅपटॉपवर पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहून स्वतः बनवलेल्या वहीत टिपली होती, दुसरीकडे कुठंच नाही. रांगेत माझा नंबर आल्यावर ऐटीत लॅपटॉप उघडला, तर आत एकच ओळ: ‘गाडीचं ऑइल बदलणे.’ प्रत्येक नवी नोंद जुनी पुसूनच बसेल, असा पराक्रम मी प्रोग्रॅममध्ये करून ठेवला होता. डंकवाला वाकून बघत म्हणाला, ‘‘काय पावणं, चटणीत ऑइल घालताय व्हय?’’ रांग हसली. माझं मात्र तोंड उतरलं. आईची चव मीच पुसली होती. तेवढ्यात मागून आमच्या गल्लीतली काकू ओरडली, ‘‘आरं, रडतोस काय? तुझ्या आईनंच मला शिकीवलंय की! किलोला पावशेर खोबरं.’’ दुसरी म्हणाली, ‘‘आन् तीळ मुठीनं, तिच्या मुठीनं, तुझ्या न्हाय!’’ भांडत भांडत त्यांनी सगळी चटणी जुळवून दिली. हल्ली माझी वही नीट चालते. तरी दर उन्हाळ्यात मी रांगेत मापं विचारतोच. त्या मला वेड्यात काढत पहिल्यापासून सांगतात आणि मला आई आणखी थोडी कळते.